बिनहातांचे टॉवेल

यंत्राच्या म्हणण्याप्रमाणे त्या टॉवेलांना माणसाचा हात लागलेलाच नव्हता. कापूस पिकला, सूत निघालं, माग चालले, कापड धुतलं, वाळलं, घड्या होऊन खोक्यात बसलं आणि या सगळ्या उस्तवारीत एकाही माणसानं त्याला स्पर्श केला नाही. मंगलतंतू मिलचा माल सलग तिसऱ्या वर्षी 'निष्कलंक' ठरला होता. मिलच्या फाटकावर तसा भलाथोरला फलक लागला होता. आताशा सोलापुरात फेब्रुवारीतच मे महिना सुरू होतो, त्यामुळं तो फलक उन्हानं एका बाजूनं वाकला होता एवढंच.

सुगुणा बोद्दूलला खरं तर आनंद व्हायला हवा होता. हे यंत्र तिचंच. 'स्पर्शलेख' हे नावही तिनंच दिलेलं.

आपण कशालाही हात लावला, की कातडीच्या थोड्या पेशी तिथं राहतात. घामाबरोबर जरा जास्तच. पेशीत डीएनए असतो हे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. पण त्या डीएनएवर बारीक रासायनिक खुणा असतात आणि वय वाढतं तशी त्यांची मांडणी ठरावीक रीतीनं बदलत जाते, हे फार जणांना माहीत नसतं. ती मांडणी वाचली, की पेशी साधारण किती वयाच्या माणसाची आहे ते सांगता येतं. सुगुणानं केलं ते एवढंच, की कापसाच्या धाग्यात अडकलेल्या चिमूटभर पेशींवरूनही ते वाचणारं यंत्र बनवलं. कापडाचा तुकडा आत घाला, तो हाताळणाऱ्या माणसांची वयं बाहेर येतात.

त्या यंत्रानं जगात खळबळ माजवली. बाहेरच्या देशांनी साखळी कायदा केला, मागोमाग आपल्याकडंही झाला. साखळी म्हणजे शेतापासून दुकानापर्यंत माल ज्या ज्या हातांतून जातो ते सगळे हात. त्या साखळीत कुठंही लहान मूल सापडलं, तर माल बंदरावरून परत. पहिल्या वर्षी कंटेनरच्या कंटेनर परत आले. पेपरांत सुगुणाचे फोटो छापून आले. मालकलोकांनी डोक्याला हात लावले, मंत्र्यांनी भाषणं केली आणि वर्षभरात सगळ्या मिलांमध्ये हातमोजे आले.

मोजे आले तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. स्वच्छता आली, शिस्त आली, दवाखान्यासारखं वाटतं, असं जो तो म्हणाला. नमुन्यांत पेशी सापडेनाशा झाल्या. पेशी नाहीत म्हणून मूल नाही, मूल नाही म्हणून माल निष्कलंक. कायद्यात तसंच लिहिलं होतं. सुगुणाच्या मनात एक खडा टोचत राहिला, पण यंत्राला जे दिसत नाही ते लिहायचं कसं, म्हणून तिनं दर खेपेला सही केली.

त्या सोमवारी तिच्या पांढऱ्या डगल्याचं बटण तुटलं. प्रयोगशाळेत तिच्या हाताखाली काम करणाऱ्या तस्लीमनं टेबलाच्या खणातून सुईदोरा काढून दिला. सुगुणानं दोरा घेतला, टोक ओठांत धरून ओलं केलं, चिमटीत वळलं आणि सुईत ओवलं. मग ओवलेली सुई तशीच हातात धरून ती बसून राहिली.

"काय झालं, मॅडम?" तस्लीमनं विचारलं.

"मंगलतंतूचा शनिवारचा नमुना काढ. आपण मधलं कापड तपासतो ना? आज दशा तपासू."

टॉवेलच्या दोन्ही टोकांना मोकळे धागे सोडलेले असतात, त्या दशा. त्यातले चार-पाच धागे घेऊन वळायचे आणि बारीक गाठ मारायची, पुन्हा पुढचे घ्यायचे. परदेशातल्या हॉटेलांना तसेच गाठींचे टॉवेल हवे असतात आणि ते काम अजून कुठल्याही यंत्राला जमलेलं नाही. सुगुणाला ते काम पुस्तकातून कळलेलं नव्हतं. तिची मोठी बहीण वरलक्ष्मी, म्हणजे अक्का, उंबऱ्यात बसून गठ्ठेच्या गठ्ठे वळायची. आई-वडील गेल्यावर त्या गाठींवरच अक्कानं सुगुणाला वाढवलं, शिकवलं. कोरडे धागे बोटांत निसटतात, म्हणून अक्का ते आधी ओठांत धरायची. सगळ्याच बायका धरायच्या. मोजे हातांना घातले होते. तोंडाचा विचार कुणीच केला नव्हता, सुगुणानंही नाही.

तिनं गाठ कापून यंत्रात घातली. घट्ट आवळलेल्या गाठीत थुंकीतल्या पेशी वाऱ्या-उन्हापासून जपून राहतात. यंत्राला हाताच्या घामात मिळतं त्यापेक्षा कितीतरी जास्त काही त्यात मिळालं. तरीही यंत्रानं नमुना बाद केला. पडद्यावर अक्षरं उमटली, 'कर्मचारी-स्पर्श: बोद्दूल सु.'

तस्लीम हसली. "मॅडम, तुमचाच हात लागला."

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाची पेशी-नोंद यंत्रात साठवून ठेवलेली असते. नमुन्यात ती सापडली, की आपल्याच माणसाचा चुकून हात लागला असं समजून यंत्र नमुना बाजूला काढतं. धाग्यातली खूण बऱ्याचदा तुकड्या-तुकड्यांनीच मिळते, म्हणून अर्धवट जुळलं तरी बाद करायचं, असा नियम सुगुणानंच घातलेला होता. सावधगिरी म्हणून.

"आता तू कर," सुगुणा म्हणाली. "मी त्या कोपऱ्यात उभी राहते."

तस्लीमनं नव्या टॉवेलाचं पाकीट फोडलं, नवी गाठ कापली. पुन्हा तीच अक्षरं आली. मग सुगुणानं तो नियम काढून टाकायला लावला आणि आतला सगळा तपशील उघडला. खूण तिची नव्हती. तिच्या खुणेशी थोडी जुळत होती. रक्ताच्या माणसाची जुळते तितकी, सख्ख्या बहिणीपेक्षा कमी. बाईमाणूस. वयाच्या रकान्यात यंत्रानं अकरा लिहिलं होतं.

तस्लीम आता हसत नव्हती. सुगुणाला बहीण एकच आणि त्या बहिणीला मुलगी एकच, हे प्रयोगशाळेत सगळ्यांना माहीत होतं. हरिणीच्या वाढदिवसाचा केक सुगुणा दरवर्षी इथूनच घेऊन जायची. यंदा मात्र गेली नव्हती. अक्कानंच फोनवर सांगितलं होतं, आम्ही गावाला चाललोय म्हणून. त्याच्या आधीही काही ना काही निघत होतं. पाहुणे येणार होते, घराला रंग द्यायचा होता, हरिणीला कांजिण्या आल्या होत्या. सुगुणानं दर वेळी खरं मानलं होतं, कारण तिलाही कामातून उसंत नव्हती.

ती तडक अक्काकडं गेली. पूर्व भागातली ती गल्ली दुपारच्या उन्हात चिडीचूप होती. दार हरिणीनंच उघडलं. "पिन्नी!" ती आनंदानं ओरडली. त्यांच्या तेलुगू घरांत मावशीला पिन्नी म्हणतात. ती नेहमीसारखी गळ्यात पडायला आली आणि मधेच थबकली, कारण तिच्या हातांत रबरी मोजे होते. मोठ्या बाईच्या मापाचे. निसटू नयेत म्हणून मनगटाशी तिनं केसांचे रबर गुंडाळले होते. ओठाला पांढरं सूत चिकटलेलं होतं.

आत जमिनीवर टॉवेलांचा गठ्ठा होता. गठ्ठ्यावर मंगलतंतूचा शिक्का आणि सोबत मोज्यांचं पाकीट.

"आलीस व्हय," अक्का आतून म्हणाली. "कळवायचं तरी." उजवा हात पदराखाली होता.

"अक्का, हात दाखव."

"काय न्हाई त्याला. बस, पाणी देते."

"हात दाखव, अक्का."

अक्कानं हरिणीला शेजारी पाठवलं. मग पदर बाजूला केला. अंगठा नव्हता. त्याच्याजवळची दोन बोटं नव्हती. जखम जुनी होती, कातडी ओढून शिवलेली होती. सुगुणानं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तिला रडू आवरेना. याच हातानं तिची वेणी घातली होती.

"कसं झालं?"

"मंगलतंतूत दशा वळायची मी, अन् काम वाढलं की इस्त्रीच्या रोलरवरबी असायची. आधी उघड्या हातानं कापड सारायचो. रोलर जवळ आला की बोटाला आच लागायची, हात आपोआप मागं यायचा. मोज्यातनं आच कळंना. अन् रबर बोटाच्या टोकाला सैल असतंय. ते टोक रोलरनं धरलं, मग सोडतोय व्हय?"

"मिलनं काय केलं?"

"सुपरवायझरनं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथं सांग म्हणला, घरच्या मिक्सरमधी गेला म्हणून. मिलचं नाव घेतलं तर चौकशी लागंल, माल परत यील, सगळ्यांचंच काम बंद हुईल. मी सांगितलं तसंच. मग त्यानंच घरी गठ्ठे धाडायला सुरुवात केली. तेवढं तरी माणुसकीनं केलं बघ."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

अक्कानं हात सोडवून घेतला. "काय सांगू? तुझ्या मशिनला दिसू नये म्हणून मोजे आले, अन् मोज्यामुळं हात गेला, असं सांगू? पेपरात तुझा फोटू आला तवा मी अख्ख्या गल्लीत पेढे वाटलेत, सुगुणा."

बाहेर कुणीतरी भांडी घासत होतं. सुगुणा टॉवेलांच्या गठ्ठ्याकडं बघत बसली. एवढ्या वर्षांत तिनं लाखो पेशी मोजल्या होत्या, त्यांची वयं सांगितली होती. मोज्यांनी पेशी नाहीशा झाल्या तेव्हा एकदाही मिलमध्ये जाऊन त्या मोज्यांच्या आत कोण आहे ते पाहिलं नव्हतं. याची तिला आता मनापासून लाज वाटली.

"हरिणीची शाळा?"

"एकच वरीस. मला डाव्या हातानं वळाया जमलं की जाईल परत."

"तूही एकच वर्ष म्हणाली होतीस. तुझी शाळा सुटली तेव्हा."

अक्कानं तोंड फिरवलं.

"मी बघते हरिणीचं," सुगुणा म्हणाली. "उद्यापासून तिला माझ्याकडं पाठव. हे सगळं बंद कर."

"तू बघशील, ठावं हाय मला. पण तुला मी वाढवलं ते तू मला पोसावंस म्हणून न्हाई." अक्काचा आवाज चढला नव्हता. "अन् ह्या गल्लीत गठ्ठे काय माझ्याच घरी येतात व्हय? समोरच्या घरात बघ, मागच्या घरात बघ. त्या पोरींना कुठली पिन्नी हाय?"

निघताना सुगुणानं शेजारून परतलेल्या हरिणीच्या मनगटावरचे रबर काढले. खाली लाल वळ उठले होते.

दुसऱ्या दिवशी तिनं साखळी कायदा राबवणाऱ्या आयोगाच्या सहआयुक्त मृणाल काळदाते यांची भेट मागितली. काळदातेबाई हुशार म्हणून ओळखल्या जायच्या. त्यांनी मंगलतंतूच्या निरंजन होटगीकरांनाही बोलावून घेतलं होतं. होटगीकर मिलमध्ये कायदेपालनाचे प्रमुख होते. गोड बोलणारा, कधीही आवाज न चढवणारा गृहस्थ. सुगुणानं सगळं सांगितलं, बहिणीचं नावही लपवलं नाही.

होटगीकरांनी खरंच हळहळून मान हलवली. "फार वाईट झालं. पण मॅडम, तुमच्या यंत्रानंच नमुना बाद केलाय ना? कर्मचाऱ्याचा स्पर्श म्हणून? मग प्रश्नच मिटला. तुम्ही काही खोटं लिहायचं नाहीये. यंत्र म्हणतंय ते फक्त राहू द्यायचं."

"आणि तो नियम बाजूला करून मी खरं लिहिलं तर?"

"तर ती एक पाठवणी परत येईल आणि आम्ही कायद्याप्रमाणे वागू. जिथं मूल सापडलं ती साखळीतली शेवटची कडी, ती तोडायची. त्या घराला पुन्हा आयुष्यात काम मिळणार नाही. आमची मिल त्याच दिवशी पुन्हा निष्कलंक. तुमच्या बहिणीचं घर आहे ते. तुमच्याच भल्याचं सांगतो."

"गठ्ठे तुमच्या गाडीतून जातात."

"कंत्राटदाराच्या गाडीतून. कंत्राटदाराला सुपरवायझर सांगतो. सुपरवायझर एजन्सीचा माणूस आहे. आम्ही कुणाच्या घरी काही पाठवलेलं नाही. आणि किमतीचं म्हणाल तर ती परदेशातली हॉटेल कंपनी ठरवते, ती आम्हाला विचारत नाही."

सुगुणा काळदातेबाईंकडं वळली. "आणि सरकार?"

"सरकारनं तपासणीची सोय केली," बाई म्हणाल्या. मग त्यांनाच ते ऐकून ओशाळल्यासारखं झालं असावं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बोद्दूल, कायद्यात आणखी एक कलम आहे. साखळीतल्या कामामुळं ज्याला इजा झाली, त्याचं नुकसान भरून निघेपर्यंत मिललाही कडी तोडता येत नाही आणि बाहेरच्या खरेदीदारालाही माल सोडून पळता येत नाही. दोघांनाही तिथं थांबून निस्तरावं लागतं. पण कायदा झाल्यापासून ते एकदाही वापरलेलं नाही. इजा झालेल्या माणसानं स्वतः उघड सुनावणीत उभं राहावं लागतं. आजवर कुणी उभंच राहिलं नाही."

"कोण राहील?" होटगीकर समजूतदारपणे म्हणाले. "हरलं तर घरचं कामही जातं आणि गल्लीही अंगावर येते."

ते खरंच होतं. त्यांनी धमकी दिली नव्हती, नुसतं सांगितलं होतं. सुगुणा त्या खोलीतून बाहेर पडली तेव्हा तिच्यापुढं दोनच वाटा होत्या. यंत्र म्हणतं ते राहू द्यायचं म्हणजे अक्काचं घर वाचत होतं आणि हरिणी गठ्ठ्यापुढं बसून राहत होती. खरं लिहायचं तर त्याची शिक्षा पहिल्यांदा अक्कालाच होणार होती.

संध्याकाळी ती पुन्हा गल्लीत गेली. काही लपवलं नाही, काही गोडही केलं नाही. सुनावणी म्हणजे काय, जिंकलं तर काय मिळेल, हरलं तर काय जाईल, सगळं सांगितलं. "मी ठरवणार नाही, अक्का. तू नको म्हणालीस तर मी राजीनामा देईन, पण खोटी सही करणार नाही. तुझं नाव मात्र तुझ्या परवानगीशिवाय कुठंही येणार नाही."

अक्का डाव्या हातानं तांदूळ निवडत होती. "मोजे घाला म्हणून हुकूम कुणी दिला, ते तुझं मशीन सांगतंय का?"

"नाही."

"किती पिळायचं बायकांना, ते कुणी ठरवलं?"

"नाही सांगत. ते माणसानंच सांगावं लागतं."

अक्कानं निवडलेले तांदूळ बाजूला सारले. खोलीच्या कोपऱ्यात हरिणी मोजे घालून बसली होती. बोलणं ऐकूच येत नाही अशी मान खाली घालून दशा वळत होती. सुगुणा लहानपणी अशीच मान घालून अभ्यास करायची. अक्का पोरीकडं बघत राहिली.

"कवा यायचं?" ती म्हणाली.

सुनावणी ठरली त्याच दिवशी सुगुणानं नात्याची लेखी कबुली दिली आणि नियमाप्रमाणे तिला यंत्रापासून दूर केलं गेलं. स्पर्शलेख आता तस्लीम चालवत होती. सुनावणीच्या सकाळी सुगुणा सभागृहात मागच्या खुर्चीवर जाऊन बसली. गल्लीतल्या बायका आल्या होत्या. काही अक्काच्या बाजूनं, काही नुसत्या काळजीनं, आणि एक-दोघी तर रागानं लाल झालेल्या. समोरच्या पडद्यावर परदेशातल्या हॉटेल कंपनीची अधिकारी दिसत होती. तिच्या कानात दुभाषी बोलत होता.

मिलच्या वकिलानं सुरुवात केली. वरलक्ष्मी नावाची बाई मिलच्या हजेरीत कधीही नव्हती. अपघात घरात झाला, असं तिनंच दवाखान्यात सांगितलं आहे. आणि सरकारी यंत्राचा दाखला सांगतो, की मिलच्या टॉवेलांना कुणाचाच हात लागलेला नाही. मग ही बाई तिथं होती कशावरून? सुगुणानं डोळे मिटून घेतले. तिचंच यंत्र तिच्या बहिणीविरुद्ध साक्ष देत होतं.

तस्लीम उठली. प्रत्येक पाठवणीतला एक टॉवेल प्रयोगशाळा मोहोरबंद करून जपून ठेवते. अक्काच्या अपघाताआधीच्या काळातले टॉवेल तिनं आयोगासमोर उघडले होते आणि गाठी तपासल्या होत्या. अक्काच्या तोंडातला नमुना सकाळीच घेतला होता. "जुळतो," ती म्हणाली. "एका नाही, बऱ्याच पाठवणींत जुळतो. अपघातानंतर या खुणा बंद होतात. त्यानंतरच्या गाठींत अकरा वर्षांच्या मुलीची खूण आहे. आणि तिच्याखेरीज आणखीही मुलं आहेत. वेगवेगळी. मी सगळी मोजलेली नाहीत अजून."

सभागृहात कुजबूज झाली. रागावलेल्या बायकांतली एक खाली बघू लागली.

होटगीकर पहिल्यांदाच जरा घाईनं बोलले. "थुंकीवरून काय सिद्ध होतं? गाठी मारायला तोंड कशाला लागतं? कुणी मुद्दामही लावू शकतं."

काळदातेबाईंनी टेबलावरचा एक टॉवेल उचलला. "वरलक्ष्मीबाई, तुम्ही दाखवाल का, हे कसं करतात ते?"

अक्का उठली. पदर सावरून टेबलाजवळ गेली. तिनं उजवा हात पांढऱ्या टॉवेलवर ठेवला तेव्हा पडद्यावरच्या परदेशी बाईनं काहीतरी म्हटलं, पण दुभाष्यानं त्याचं भाषांतर केलं नाही. अक्कानं डाव्या हातानं चार धागे वेचले, ओठांत धरून ओले केले आणि वळायला गेली. एका हातानं वळता येईना. धागे सुटले. तिनं पुन्हा वेचले, पुन्हा सुटले.

पुढच्या ओळीतून हरिणी उठली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. घरी अक्काच्या हातून धागे सुटले की ती उठायची, तशीच उठली. टेबलाशी गेली, सुटलेले धागे उचलून सवयीनं ओठांत धरले आणि बोटं इतक्या झपाट्यानं फिरवली, की अर्धी गाठ झालीसुद्धा. सगळं सभागृह त्या बोटांकडं बघत राहिलं.

"हरिणी, तू नको," अक्का म्हणाली.

पोर गोंधळली. "आई, सुटायलंय ते."

"सुटू दे. तू हात लावायचा न्हाई." अक्कानं टॉवेल आपल्याकडं ओढला. "आजपासनं न्हाई."

हरिणीनं धागे सोडले आणि हात मागं घेतले. अक्कानं ते धागे परत वेचले. एक टोक दातांत धरलं, राहिलेल्या दोन बोटांनी टॉवेल दाबला आणि डाव्या हातानं वळायला लागली. फार वेळ लागला. कुणी घड्याळाकडं बघितलं नाही. गाठ वाकडी झाली, पण घट्ट बसली.

काळदातेबाईंनी टॉवेल आपल्याकडं ओढून ती गाठ पाहिली. मग होटगीकरांकडं आणि पडद्याकडं आळीपाळीनं पाहत त्या म्हणाल्या, "कडी तुटणार नाही. मिलनंही इथंच थांबायचं आणि खरेदीदारानंही. यांचा हात, या मुलांची शाळा, त्या रोलरला लावायची संरक्षक जाळी, घराघरांतल्या बायकांचं काम, हे सगळं तुमच्याकडून निस्तरून होईपर्यंत कुणालाही इथून जाता येणार नाही." मग त्यांनी लेखनिकाला सांगितलं, "आणि हेही लिहा, की आम्ही तीन वर्षं नुसतं कापड तपासलं. मोज्यांच्या आत कोण आहे ते आयोगानं विचारलं नाही."

मागच्या रांगेतली ती रागावलेली बाई उठून उभी राहिली. "माझी पण लिहा," ती म्हणाली. "माझी पोरगी नऊची हाय." तिच्यामागं आणखी एक उठली.

सुगुणा पुढं जाऊन हरिणीशेजारी बसली. टेबलाशी रांग लागत होती, तस्लीम एकेकीचं नाव विचारत होती आणि हरिणी आपले दोन्ही हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडं बघत होती. रिकामे हात कुठं ठेवायचे ते तिला कळत नव्हतं.

"पिन्नी," तिनं हळूच विचारलं, "आता मी काय करू?"

सुगुणानं तो छोटा हात आपल्या हातात घेतला. मनगटावर रबरांचे वळ अजून होते.

"काही करू नकोस," ती म्हणाली. "नुसती बस."